मोठीआईच्या बोटाला शाई लागली नाही

राजेहो, निवडणुकीचं नाव निघालं की मले १५ जानेवारी २०२१ आठवते. त्या दिवशी राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक, त्यात आमचंही गाव. झेडपी शाळेच्या आवारात कोरोनामुळं अंतर ठेवायला फक्कीचे गोल आखलेले, पण गोल पडले सावलीत अन् जानेवारीची थंडी, म्हणून लोकांनी गोलात चपला ठेवल्या आणि स्वतः उन्हात भिंतीला खेटून गप्पा हाणत उभे. चपलांनी मात्र अंतर चोख पाळलं.

माझी मोठीआई आठ दिवस आधी पॉझिटिव्ह निघाली होती. आशाताई म्हणे शेवटच्या अर्ध्या तासात आणा, पॉझिटिव्हवाल्यांची वेळ तीच. पाच वाजता घेऊन गेलो, मास्क, वरून पदर, हातात व्होटर कार्ड. दारावरच्या साहेबांनी लांबूनच हात हलवला, "यांना कशाला आणलं, आमच्याकडं असं काही पत्र नाही." त्यांना तरी काय बोलणार, जवळ ना हातमोजे ना किट, तेच घाबरलेले. साडेपाच झाले, दार बंद.

आता कुणी म्हणते साथीत निवडणूक घ्यायचीच काहून, ढकला पुढं. ३१ मार्च २०२० ला १,५६६ ग्रामपंचायतींचं मतदान ठरलं होतं, ते थांबवलं, तेव्हा ते बरोबरच होतं. पण मग मुदत संपलेल्या गावांवर प्रशासक. सरकारनं तर पालकमंत्र्यांच्या सल्ल्यानं खाजगी माणसं बसवायचं काढलं होतं, मॅटर हायकोर्टात गेलं तेव्हा कोर्ट म्हणालं, आधी सरकारी माणूसच बघा. बरं, तो साहेब चांगला असला तरी त्याच्याकडं गावं चार, नळाची मोटर जळली की सहीसाठी शोधत फिरा, अन् मेंबरले जसं चौकात अडवून भांडता येते तसं त्याच्याशी भांडता येत नाही ना बाप्पा!

पण कशीबशी उरकणंही नको. युपीत एप्रिल २०२१ मध्ये ऐन लाटेत पंचायतीच्या निवडणुका घेतल्या, नंतर शिक्षक संघटनेनं निवडणुकीच्या ड्युटीनंतर कोरोनानं मेलेल्या १,६२१ जणांची यादीच दिली, सरकारनं आकडा मानला नाही तो भाग वेगळा. त्याच्या आधी २०२० मध्ये बिहारात बूथवर १५०० ऐवजी १००० च मतदार ठेवले, शेवटचा तास आजाऱ्यांसाठी. म्हणजे जमते. फक्त वरचा नियम दारावरच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे, हातमोज्यांसकट, अन् गावात आदल्या दिवशी दवंडी. ग्रामपंचायतीत एका मतानं माणूस पडते, सारखी पडली तर चिठ्ठी काढतात, इथं एक म्हातारी परत पाठवणं म्हणजे लहान गोष्ट नाही.

२०२४ च्या लोकसभेला ८५ वरच्यांचं मत घरी येऊन घेतलं. शेजारच्या आबाजींनी खाटेवर बसून, पुठ्ठ्याच्या आडोशात मतपत्रिकेवर खूण केली. मग साथीत ग्रामपंचायतीले हे काहून नाही? मोठीआईले सांगितलं तर ती बोट बघत म्हणे, "मले तं अजून तीन वर्ष बाकी हायेत."