टोन्टोने पैसे घेतले, पण आपली माणसं सोडली नाहीत

हॉलिवूडमधल्या मूलनिवासी नटांबद्दल (अमेरिकेतल्या मूळ जमातींचे, ज्यांना तिकडे ‘इंडियन’ म्हणत) एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. म्हणणं असं: पैशांसाठी यांनी आपल्याच लोकांची टिंगल होऊ दिली, नाव झाल्यावर समाजाकडे पाठ फिरवली, आता भाषा आठवते ती बक्षीस घेताना, आणि हे सगळे ढोंगीच. वाचून वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिल्या आरोपात नाव येतं जे सिल्व्हरहील्स यांचं. कॅनडातल्या ग्रँड रिव्हर इथल्या वस्तीत जन्मलेले हे मोहॉक जमातीचे नट १९४९ ते १९५७ ‘द लोन रेंजर’ मालिकेत टोन्टो झाले. गोऱ्या नायकाचा साथीदार, तोंडी मुद्दाम मोडकंतोडकं इंग्रजी. भूमिका कमीपणाची होती, हे मलाही मान्य आहे. पण त्या काळात आदिवासी सरदाराचं काम सर्रास गोरा नट चेहरा रंगवून करायचा, आणि सबब ठरलेली: अभिनय येणारे मूलनिवासी मिळतच नाहीत. सिल्व्हरहील्स यांनी १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या एको पार्क भागात ‘इंडियन अ‍ॅक्टर्स वर्कशॉप’ काढून तेच शिकवायला घेतलं. टोन्टोने मिळवून दिलेलं नाव त्यांनी तिथे खर्ची घातलं.

पाठ फिरवल्याचं म्हणाल, तर ओक्लाहोमातल्या ओकमल्गीचे विल सॅम्पसन बघा. मस्कोगी समाजातले, आधी रोडिओत, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींच्या स्पर्धांत, घोडेस्वारी करणारे, चित्रकार. १९७५च्या ‘वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट’ चित्रपटाने ते जगाला माहीत झाले. १९८३ साली त्यांनी मूलनिवासी कलाकारांची नोंदवही ठेवणारी संस्था उभी केली. आता ‘मिळत नाहीत’ म्हणणाऱ्या निर्मात्यासमोर नावांची यादीच ठेवता येत होती. नट वेस स्टुडी यांचं तर उलटंच आहे. चेरोकी समाजातला हा माणूस व्हिएतनामहून परतल्यावर १९७३च्या वूंडेड नी इथल्या मूलनिवासींच्या हक्कांच्या आंदोलनात उतरला, तेव्हा सिनेमा त्याच्या आयुष्यात आलाही नव्हता.

राहिली भाषा. अभिनेत्री लिली ग्लॅडस्टोन जानेवारी २०२४ मध्ये गोल्डन ग्लोब पुरस्कार घेताना आधी आपल्या समाजाच्या ब्लॅकफीट भाषेत बोलल्या. पूर्वी नट इंग्रजीत संवाद म्हणत आणि ध्वनिमुद्रण उलटं फिरवून तीच ‘आदिवासी भाषा’ म्हणून ऐकवली जाई, हे त्यांनी त्याच मंचावर सांगितलं. आणि ज्या चित्रपटासाठी बक्षीस मिळालं, त्यासाठी त्या ओसेज ही दुसऱ्या जमातीची भाषा शिकल्या होत्या. ती त्यांची मातृभाषाही नव्हे.

मजकुरातली एक गोष्ट मात्र खरी आहे: ढोंगी होते. आयर्न आइज कोडी हे नट जन्मभर ‘इंडियन’ म्हणून मिरवले आणि निघाले इटालियन वंशाचे. पण त्यांचं खापर सॅम्पसन यांच्यावर का फोडायचं? सॅम्पसन यांच्याच ओकमल्गीत पुढे ‘रिझर्व्हेशन डॉग्ज’ मालिकेचं चित्रीकरण झालं. २०२१ ते २०२३ असे तिचे तीन हंगाम आले. तिचे लेखक मूलनिवासी, दिग्दर्शक मूलनिवासी, आणि मुख्य भूमिकांतली चारही पोरं मूलनिवासी.