काका, तो चार्जर नाही

टीव्हीच्या मागे प्लगमध्ये एक काळा अडॅप्टर खोचलेला असतो. त्याची वायर काडेपेटीएवढ्या डबीत जाते आणि डबीतून अँटेनाची केबल निघते. दिसायला हुबेहूब फोनचा चार्जर. म्हणून पाहुणे आलेल्या काकांनी तो उपटून तिथे आपला फोन लावला आणि घरातले चारही टीव्ही एका दमात काळे झाले. यात काकांची काही चूक नाही, असं घरच्यांचं एकमताने ठरलं. चूक माझी, कारण मीच ‘वर छपरावर कसल्या तरी उचापती करून ठेवल्यात’. अजून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

त्या डबीला पॉवर इन्सर्टर म्हणतात. अँटेनाच्या दांड्यावर बसवलेल्या बूस्टरला, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला, वर वीज कुठून मिळणार? त्याच केबलमधून. मॉडेलप्रमाणे ५, १२ किंवा २४ व्होल्ट डीसी मधल्या तारेवरून वर जाते, सिग्नल त्याच तारेवरून खाली येतो आणि दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. पण वीज तोडली की बूस्टर गप्प बसत नाही, वाटेत आडवा पडतो. बंद पडलेल्या ट्रान्झिस्टरमधून सिग्नल जवळजवळ पुढे जातच नाही. ‘बूस्टर नव्हता तेव्हाच बरं दिसायचं’ ही तक्रार ऐकू आली, तर आधी खाली येऊन प्लग बघावा, मग शिडी शोधावी.

‘‘बूस्टर उडाला तुझा,’’ काका फोनवरून नजर न काढता म्हणाले.

‘‘काका, तुम्ही अडॅप्टर काढलात.’’

‘‘तो होय? तो बिघडलाय. त्याची पिन माझ्या फोनला बसतच नाही.’’

‘‘तो फोनचा नाही. वरच्या बूस्टरचा आहे.’’

‘‘बूस्टर वर आणि चार्जर खाली? असं करायला तुला सांगितलं कुणी?’’

सांगितलं रेडिओ-अभियंते हॅराल्ड फ्रिस यांनी, १९४४ मध्ये. एकापुढे एक यंत्रं जोडली की एकूण गोंगाट, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणारी विजेची खरखर, किती होतो, याचं सूत्र त्यांनी मांडलं. त्याचा इत्यर्थ असा की, पहिला अ‍ॅम्प्लिफायर चांगल्या ताकदीचा असेल तर निकाल त्याच्याच गोंगाटावर लागतो आणि त्याच्या आधी केबलमध्ये जे गेलं ते कायमचं गेलं. पण फ्रिस यांचं नाव काढलं असतं तर काकांनी ‘तो कुठला मेकॅनिक?’ असं विचारलं असतं. मी गप्प बसलो. काका बसले नाहीत.

‘‘हे बघ, साधी गोष्ट आहे. टीव्हीला कमी पडतंय ना? मग बूस्टर टीव्हीपाशी लाव. पाणी चढत नसेल तर पंप नळाला लावतात की ढगाला?’’

‘‘पण काका, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’’

‘‘म्हणून तर पोहरा मोठा घ्यायचा!’’

या वाक्यावर घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कागद-पेन काढलं. अशा वेळी कागद-पेन काढणाऱ्या माणसाचा जगात कुणीही आदर करत नाही, हे माहीत असूनही काढलं.

हिशेब असा. छपरापासून खाली ३० मीटर आरजी-६, म्हणजे टीव्हीची नेहमीची केबल. यूएचएफवर, म्हणजे टीव्हीच्या वरच्या पट्ट्यावर, तिच्यात साधारण ५ डीबी (डेसिबल) जातात. मग सिग्नल चार टीव्हींना वाटणारा चार तोंडांचा स्प्लिटर. कागदावर त्याचे ६ डीबी, प्रत्यक्षात ७. झाले १२, म्हणजे प्रत्येक टीव्हीपाशी अँटेनाने पकडलेल्याचा सोळावा हिस्सा पोचतो. टीव्हीच्या ट्यूनरचा स्वतःचा गोंगाट ६ डीबी धरा. एकूण १८ डीबींचा फटका. आता २० डीबी ताकदीचा, २ डीबी नॉइज फिगर (म्हणजे पदरचा गोंगाट) असलेला एकच बूस्टर घ्या. तो टीव्हीमागे लावला तर १८ चा फटका १४ वर येतो. तोच अँटेनापाशी लावला तर साडेतीनवर. यंत्र तेच, केबल तीच, फरक फक्त जागेचा आणि तो साडेदहा डीबींचा.

‘‘डीबी म्हणजे किती टक्के?’’ काकांनी विचारलं.

‘‘टक्के नाहीत, पट. ३ डीबी गेले म्हणजे सिग्नल निम्मा झाला.’’

‘‘मग ६ गेले म्हणजे सगळाच गेला.’’

‘‘नाही, निम्म्याचा निम्मा. पाव उरला.’’

‘‘पाव उरतोय ना? मग एवढा आरडाओरडा कशाला?’’

खरं तर या प्रश्नात काका अर्धे बरोबर होते, त्याचाच राग जास्त आला. डिजिटल टीव्हीला पाव काय, शंभरावा हिस्साही पुरतो. तो गोंगाटाच्या पुरेसा वर मात्र असायला हवा. प्रसारणाच्या पद्धतीप्रमाणे साधारण १५ ते २० डीबी वर. तेवढा असला की चित्र आरशासारखं. एखाद-दोन डीबी कमी पडले की चौकोन चौकोन, आवाजाची कुचकुच, मग काळा पडदा. जुन्या अ‍ॅनालॉग टीव्हीवर मुंग्या यायच्या आणि मुंग्यांमधूनही चेंडू कुठे गेला ते कळायचं. डिजिटलला मधली अवस्था सोसत नाही. आणि बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही तितकाच वाढवतो, वर थोडा पदरचा घालतो. म्हणून टीव्हीच्या मेन्यूतली ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी बघायचीच नाही. बघायची ती ‘क्वालिटी’ची. स्ट्रेंग्थची पट्टी गोंगाटानेही फुगते.

एवढं होईपर्यंत मी अडॅप्टर जागेवर खोचला होता. चारही टीव्ही सुरू झाले. त्याच क्षणी काका टीव्हीमागची केबल चाचपत होते. ‘‘बघ, जरा हलवली, आला!’’ टाळ्या त्यांना.

असं पूर्वीही झालेलं आहे. छपराछपरावर दिसणारी ती आडव्या काड्यांची अँटेना जपानच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा यांनी खपून घडवली. पहिला निबंध १९२६ मध्ये दोघांच्या नावाने आला, पण १९२८ मध्ये त्यांचे प्राध्यापक हिदेत्सुगू यागी यांनी इंग्रजीत लेख लिहिला आणि जगाच्या तोंडी बसलं ते ‘यागी’. उदांचं नाव घ्यायची आठवण अभ्यासकांनाच होते. केबल हलवणाऱ्याला श्रेय मिळण्याची परंपरा अशी जुनी आहे. तरी यागी निदान त्या विषयातले प्राध्यापक होते.

टाळ्यांनी हुरूप आलेल्या काकांनी मग बॅगेतून दोन वस्तू काढल्या. ते बूस्टर घेऊन प्रवास करतात हे आम्हाला तेव्हा कळलं. पहिली वस्तू आठ तोंडांचा स्प्लिटर. ‘‘चारचा कशाला? आठचा असू दे, पुढेमागे उपयोगी पडेल.’’ पुढेमागे पडेल तेव्हा पडेल, आज त्यात आणखी साडेतीन डीबी पडतात. दोन तोंडांना साडेतीन, चारला सात, आठला साडेदहा-अकरा हा पाढा पाठच करावा. तोंड रिकामं असलं म्हणून त्याचा वाटा वाचत नाही. उलट उघड्या तोंडावर आपटून सिग्नल मागे फिरतो आणि एखाद्या चॅनलला कारण नसताना खड्डा पडतो. म्हणून प्रत्येक रिकाम्या तोंडावर ७५ ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे आत रेझिस्टर असलेली टोपी, फिरवून बसवायची. शिवाय काकांचा स्प्लिटर डिशचा निघाला. त्यावर ९५० ते २४०० मेगाहर्ट्झ छापलेलं होतं. अँटेनाच्या टीव्हीचे सगळे चॅनल त्याच्या खाली. आपल्याला हवा तो ५ ते १००० मेगाहर्ट्झचा.

आणखी एक बारकी खोच. इन्सर्टर टीव्हीमागे आणि स्प्लिटर त्याच्या वरच्या बाजूला असेल, तर डीसी स्प्लिटरमधून वर जायला हवी. बहुतेक स्प्लिटरचं एकच तोंड ती जाऊ देतं, त्यावर लाल खूण किंवा ‘पॉवर पास’ लिहिलेलं असतं. इन्सर्टरची केबल चुकून शेजारच्या तोंडाला लागली तर सगळं घर अंधारात. स्प्लिटरजवळ प्लग असेल तर इन्सर्टर स्प्लिटर आणि अँटेना यांच्या मध्ये बसवावा आणि या भानगडीतून सुटावं. आमच्याकडे तिथे प्लग नाही. त्याचाही दोष अर्थातच माझ्याकडे.

चारांपैकी एकाच टीव्हीचं रडगाणं असेल तर बूस्टरला शिव्या देण्याआधी त्या केबलच्या टोकाचा जोड, म्हणजे एफ-कनेक्टर, उघडून बघावा. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर ३ मिलिमीटरभर दिसली पाहिजे. पांढरं फोम आतल्या बाजूला कडेला टेकलेलं हवं आणि केबलच्या आवरणाखालच्या तारांच्या जाळीचा एकही केस मधल्या तारेला शिवता कामा नये. हा केस भिंगातून पाहावा इतका बारीक असतो आणि अख्खा टीव्ही घालवतो. फिरवून बसवायचे कनेक्टर हातात सुटून येतात, दाबून बसवायचे कॉम्प्रेशनवालेच घ्यावेत. छपरावरच्या जोडाला रबरासारखी ताणून चिकटणारी टेप हवी आणि केबल जोडाच्या खाली एक झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे पाणी झोळावरून टपकतं, आत शिरत नाही. एकदा पाणी जाळीत शिरलं की ती केबल सुकवून चालत नाही, बदलावी लागते.

काकांची दुसरी वस्तू अर्थात त्यांचा बूस्टर. मी पाणी आणायला आत गेलो तेवढ्यात त्यांनी तो टीव्हीमागे जोडला. वरचा एक, खालचा एक. स्ट्रेंग्थ शंभर, क्वालिटी शून्य, पडदा काळा.

‘‘आता तुझा टीव्हीच गेला,’’ काका म्हणाले. ‘‘सिग्नल तर फुल्ल आहे.’’

याला ओव्हरलोड म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त मिळालं की जवळचे दणदणीत चॅनल त्याच्या आत एकमेकांत मिसळतात आणि त्यांचं पीक दुसऱ्याच चॅनलांच्या जागी उगवतं. फोनचा टॉवर जवळ असेल तर काकांच्या बूस्टरचीही गरज लागत नाही. बऱ्याच देशांत ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झचा पट्टा टीव्हीकडून काढून फोनला दिलेला आहे आणि जुना बूस्टर तो पट्टाही इमानेइतबारे वाढवत बसतो. तो पट्टा अडवणारा फिल्टर मिळतो, पण तो बूस्टरच्या आधी लावायचा. नंतर लावून उपयोग नाही, पीक आधीच उगवलेलं असतं. शंका आली तर केबलमध्ये १० डीबीचा अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा तुकडा, घालून बघा. सिग्नल कमी केल्यावर चित्र सुधारलं, तर रोग ओव्हरलोडचाच. हा उपाय मी करून दाखवला, चित्र आलं, आणि काका घरच्यांना म्हणाले, ‘‘बघा, याने सिग्नल कमी केला.’’

आता काकांना तरी किती बोलायचं? त्यांनी आपला बूस्टर खोक्यावरचं वाचून घेतला होता. खोक्यावर ताकद किती ते ठळक, नॉइज फिगर कुठेच नाही, ओव्हरलोड कधी होईल ते तर नाहीच. तीन आकडे छापायचे, त्यातला एकच छापायचा आणि तोही सगळ्यात निरुपयोगी. वर ‘३०० किलोमीटरपर्यंत’! पृथ्वी गोल आहे. मनोऱ्याची आणि अँटेनाची अशा दोन्ही उंच्या मीटरमध्ये घेऊन त्यांची वर्गमुळं मिळवायची आणि ४.१२ ने गुणायचं, की रेडिओची नजर किती किलोमीटर पोचते ते साधारण कळतं. ३०० मीटरचा मनोरा आणि ९ मीटरवरची अँटेना धरली तर ८४. त्यापुढचं कधी हवामानाच्या लहरीने येतं, त्यावर मालिका लावून बसता येत नाही. त्या पैशात अँटेना तीन मीटर उंच केली किंवा हातभर डावी-उजवीकडे सरकवली, तर बरेचदा जास्त मिळतं. यूएचएफच्या लहरीची अर्धी लांबी तीस सेंटीमीटरच्या आसपास, त्यामुळे हातभर अंतरानेही जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पण खोक्यात उंची विकता येत नाही.

त्याच खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘फोर-के’ असंही होतं. अँटेनाला किंवा बूस्टरला चित्रात किती ठिपके आहेत याचा पत्ता नसतो, त्यांना फक्त वारंवारता कळते, हे मी काकांना शक्य तितक्या शांतपणे समजावलं.

‘‘तेच म्हणतोय मी,’’ काका म्हणाले, ‘‘तुझा साधा आहे. म्हणून त्याला कळत नाही.’’