अलीकडच्या तीरावरच्या भेटी

गेल्या आठवड्यात मिरजेत आत्याला मूठमाती दिली. वय ७१. हाताला काळ्या मातीचं वाळलेलं ढेकूळ आलं, ते पेटीवर पडलं तो आवाज अजून कानात आहे. मग पलीकडच्या तीरावर भेटू, असं गीत सगळ्यांनी म्हटलं. माझा मधेच घसा दाटला. अलीकडच्या तीरावर आत्या सांगलीत राहायची, माझ्या घरापासून दहा किलोमीटरवर, आणि मी दीड वर्ष तिच्याकडं गेलो नव्हतो. भांडण नव्हतं काही. "येतो गं निवांत," म्हणायचो. "ये बाळा, शेंगोळ्या करते," म्हणायची.

आपण ख्रिस्ती माणसं सार्वकालिक जीवनाच्या भरवशावर आजचं उद्यावर ढकलायला शिकलोय, असं मला फार वाटायला लागलंय. बायबलमधलं स्तोत्र ९० आपल्याकडं अंत्यविधीला वाचतात. आयुष्य ७० वर्षं, शक्ती असली तर ८०, आणि मग ते म्हणणारा मोशे संदेष्टा देवाला म्हणतो, आमचे दिवस मोजायला शिकव. त्या ओळीत तो वर्षं वाढवून मागत नाही, शहाणपण मागतो. मी ४७ चा. सत्तर धरले तर हातात २३ नाताळ.

लूकच्या शुभवर्तमानात १२ व्या अध्यायात येशूनं सांगितलेला दाखला आहे, मोठी कोठारं बांधून पीक साठवायचा बेत करणाऱ्या आणि त्याच रात्री जीव गमावणाऱ्या धनवान माणसाचा. तो माणूस आम्हा सांगलीकरांना तरी लगेच कळावा. हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यांतल्या कितीतरी पेवांत पाणी शिरलं. साठवणं हे पाप नाही, भाव येईपर्यंत शेतकऱ्याला थांबावंच लागतं. पण तो दाखला पुन्हा वाचा. तो माणूस सगळं स्वतःशीच बोलतो. माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव. त्याच्या बेतात दुसरं माणूसच नाही. मीही तेच करत होतो, फक्त हळदीऐवजी वेळ साठवत होतो. रिटायर झालो की सगळ्यांकडं जाऊन येईन म्हणून.

आत्याचं वेगळं होतं. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा तिच्या गल्लीत कमरेएवढं पाणी. शेजारीण गावी गेलेली, किल्ली आत्याकडं. आत्यानं आधी शेजारणीचं शिलाई मशीन दोन पोरांना हाताशी धरून वर चढवलं, तिच्या कागदांची पिशवी वर नेली. तोवर आत्याच्या स्वतःच्या घरातला फ्रिज तरंगायला लागला होता. मी चिडलो तिच्यावर. ती म्हणाली, "तिनं किल्ली माझ्याकडं ठेवली होती ना रे."

विश्वासू कारभारी या शब्दावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली. तो शब्द मला त्या किल्लीत सापडला, पण आत्या गेल्यावर.

धाकटी आत्या विट्याला असते. काल तिला फोन लावला. तिनं आवाज ओळखला नाही, "कोण बोलतंय?" म्हणाली. रविवारी उपासना सुटली की मी विट्याची एसटी धरणार आहे.