टिपरेरीची लीग आणि स्कॉर्टचं भांडण

कॅमोगीवर (आयर्लंडमधला बायकांचा खेळ) एक लेख वाचला, त्यात २०२४ च्या लीगची फायनल एका ओळीत उरकलीय, टिपरेरीने गॉलवेला हरवलं (दोन्ही आयर्लंडमधल्या काउंटींच्या टीम), संपलं. अहो पण २००४ नंतर पहिल्यांदा लीग जिंकल्या त्या, वीस वर्षांनी! १९९९ ते २००४ मध्ये पाच ऑल-आयर्लंड (देशाची मुख्य चॅम्पियनशिप) मारणारी टीम ही, त्यानंतर नुसता दुष्काळ. आणि त्याच सीझनला ऑल-आयर्लंडच्या सेमीत गॉलवेनेच त्यांना घरी पाठवलं, म्हणजे लीग जिंकली की चॅम्पियनशिप खिशात असं काही नसतं, लीग आधी उरकते, खरी परीक्षा उन्हाळ्यात.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, कॅमोगी म्हणजे बायकांचं हर्लिंग (काठीने बॉल मारायचा आयरिश खेळ), १५-१५ जणी, गोलच्या आडव्या बारवरून बॉल गेला तर १ पॉइंट आणि गोल केला तर ३, त्यामुळे शेवटच्या मिनिटापर्यंत काही खरं नसतं. पगार शून्य बरं का, सगळ्या नोकरी-कॉलेज सांभाळून खेळतात. आणि एवढं करून शॉर्ट्स घालायची परवानगी मिळायला मे २०२५ उजाडावा लागला, तोपर्यंत स्कॉर्टच (वरून स्कर्ट, आत शॉर्ट्स) कंपल्सरी! कॅमोगी संघटनेच्या मतदानात ९८ टक्के बाजूने, मग इतकी वर्षं अडवत कोण होतं? लेखकाने त्यावर लिहावं की.