ताप उतरला म्हणजे बाई बरी झाली असं नसतं

आज सकाळी मंडळाच्या ग्रुपवरचा मेसेज वाचला आणि पोळ्या लाटता लाटता डोकंच फिरलं. आमच्या एका ताईंनी लिहिलं होतं, "मंगळवारी मंगळागौरीला येणं जमणार नाही, सांधे अजून दुखतायत. सॉरी." खाली लगेच उत्तर: "ताप तर कधीच उतरला ना? नुसतं येऊन उभं तर राहायचंय." आणि त्याला अंगठे. कितीतरी अंगठे!

बायांनो, चिकनगुनिया झालाय त्यांना. ताप चार-आठ दिवसांत जातो, पण कित्येकांचे सांधे महिनोन् महिने धरलेले राहतात. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात ही साथ होती, तेव्हा कठडा धरून एकेक पायरी उतरणारी माणसं आपण पाहिलीत. विसरलात?

मी परवा ताईंकडे जाऊन आले. दाराची कडी सरकवायलाच त्यांना वेळ लागला. कपाचा कान धरवत नाही, दोन्ही तळव्यांत कप धरून चहा पितात. मनगट सुजलंय म्हणून बांगड्या काढून ठेवल्यात आणि वर "श्रावणात मोकळे हात बरे दिसत नाहीत गं" म्हणून वाईट वाटून घेतायत. ह्याच त्या ताई, ज्यांचं सूप नाचवणं बघायला शेजारच्या सोसायटीतल्या बायका येतात!

हो, गोफाला जोडी लागते, एक जण गळली की वीण बसत नाही. इतका सराव केलाय, जीव खालीवर होणारच. मान्य. मग यंदा गोफ नका विणू. झिम्मा आहे, पिंगा आहे, फुगड्या आहेत.

राग कशाचा आला सांगू? घरात "कणीक मळायला काय होतंय" असं कुणी म्हटलं की आपणच सगळ्या मिळून बोटं मोडतो ना? आणि इथे आपल्याच मैत्रिणीला तेच ऐकवायचं? त्यांनी तो मेसेज एका बोटाने, थांबत थांबत टाइप केला असणार. बाकीची बोटं वळतच नाहीत. आणि त्यात पुन्हा सॉरी. कशाबद्दल?

जिने ते उत्तर लिहिलं ती मनाने वाईट नाही. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात डबा तिनेच पोचवला होता. म्हणून तर जास्त लागलं.

दुपारी ताईंना फोन केला तर विचारतात, "माझी नऊवारी कुणाला हवी असेल तर बघ, पैसे भरलेत." साडी कुणालाही द्यायची नाहीये, कळलं? ह्या आजारावर वेगळं असं औषध नाही. तापा-दुखण्याची गोळी, भरपूर पाणी आणि विश्रांती. त्यातली विश्रांतीच आपण त्यांना मिळू देत नाही आहोत.

उद्या चारला मी त्यांच्याकडे जाणार आहे, ज्यांना यायचंय त्यांनी या. काढे आणि सल्ले घरीच ठेवा, रात्रीची भाजी-भाकरी आणा. आणि निघण्याआधी आपापल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी ओतून टाका. चिकनगुनिया पसरवणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. ताईंच्या शेजारच्या बाल्कनीत अळ्या वळवळताना मी स्वतः पाहिल्यात.