सनद कुठे लावावी?

हॉस्पिटल काढताय? अभिनंदन. पहिली डोकेदुखी सनदेची. शुश्रूषागृह नोंदणी नियम २०२१ साली सुधारले, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. आणि पुणेकराला पाटी दिसली की तो ती वाचतो, वर शुद्धलेखनही तपासतो! म्हणून ए-फोर कागद, बारीक टाइप, चकचकीत लॅमिनेशन, समोर ट्यूबलाइट. जागा वॉटर प्युरिफायरच्या मागे. फिल्टर बदलायला येणाऱ्याच्या दृष्टीने तो दर्शनी भागच. शेजारी १५ सेवांचे दर लावायचे असतात. प्रत्येक आकड्यापुढे 'पासून' लिहा. ऑक्सिजन तासावर की दिवसावर, हे मोघमच बरं.

ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१एए मागे लागतं. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. म्हणजे २०० खाटांत ४० गेल्या. (१८९७च्या प्लेगात याच शहरात कायदा सोजिरांना घेऊन लोकांच्या घरात शिरला होता. आता पेशंटला घेऊन तुमच्या दारात आलाय, तर किमान चपला तरी काढायला लावा.) खाटा रिकाम्या असल्या तरी 'शिल्लक नाहीत' म्हणायचं, पण तोंडी. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना १,८०,०००, दुर्बलांना ३,६०,००० रुपये. तेव्हा तहसीलदाराचा दाखला मागा, शक्यतो शनिवारी संध्याकाळी. रेशनकार्ड पुढे केलं तर ते उलटसुलट बघून 'ओरिजिनल आणा' म्हणा. सोमवारी माणूस तहसील कचेरीत रांगेत, इकडे पेशंट डिस्चार्जला. मग हळहळून सांगायचं, 'अहो, अ‍ॅडमिशनच्या वेळीच बोलायला हवं होतं.' निर्धन रुग्ण निधीत बिलांच्या २ टक्के रक्कम पडून आहे, हा विषय निघता कामा नये.

इमर्जन्सीत डिपॉझिटसाठी उपचार अडवता येत नाहीत. म्हणून डिपॉझिट शब्दच टाळा. 'फाइल ओपन करायला थोडी रक्कम' कानाला बरं वाटतं. बिलासाठी मृतदेहही अडवता येत नाही. अडवू नका, 'कागदपत्रं तयार होतायत' एवढंच म्हणत राहा.

एवढं करूनही एखादा नातेवाईक शांतपणे म्हणतो, 'खाट नाही, हे लिहून द्या.' किंवा प्युरिफायरमागे वाकून सनदेचा फोटो काढतो. त्याच्याशी वाद घालू नका. बिलिंगच्या आतल्या खोलीत बसवा, चहा मागवा, बिल कमी करा. फक्त दार लावून घ्या, बाहेर रांग आहे.