बैलाच्या जागी शेळी? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. भोसरीतल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात जुना बर्नर काढून लहान बसवला, त्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "दोन टनी बॉयलरला सव्वा टनाचा बर्नर म्हणजे बैलाच्या जागी शेळी जुंपली. कमी लोडवर कार्यक्षमता पडते, धूर थंड होऊन चिमणी सडेल, आणि उद्या ऑर्डर वाढली तर?" उपमा आवडली. (टन म्हणजे ताशी किती टन वाफ.) पण लोड, म्हणजे वाफेची मागणी, कमी आहे तो बर्नरमुळे नाही हो! दोनपैकी एक कोरुगेशन लाइन (पुठ्ठ्याचा नागमोडी थर करून चिकटवणारी) चाकणला गेली, तेव्हाच तो उतरला. फीड पाण्याच्या (बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याच्या) मीटरवर आम्ही दोन आठवडे नोंदी घेतल्या: दिवसभर ताशी 400 ते 600 किलो वाफ, सकाळी काही वेळ 1,100.

आता जुना बर्नर बघा. दोन टप्प्यांचा, खालच्या टप्प्यावरसुद्धा ताशी 900 किलोच्या आसपास वाफ करणारा. म्हणजे लागतं त्याच्या निदान दीडपट, तेही सर्वांत कमी आगीवर. मग तो पेटायचा, प्रेशर चढायचं, बंद व्हायचा; तासाला आठ-दहा वेळा. दरवेळी पेटण्याआधी ब्लोअर भट्टीतून गार हवा ढकलतो. ते टाळता येत नाही, साठलेला गॅस बाहेर काढायलाच हवा. पण ती हवा तापलेल्या ट्यूबांमधून जाते आणि विकत घेतलेली उष्णता चिमणीतून वर नेते. शिवाय प्रेशर साडेआठ ते साडेदहा किलो (दर चौरस सेंटिमीटरला) असं झुलत राहिलं की रोल गार-गरम होतात, डिंक नीट धरत नाही, पुठ्ठ्याचे पापुद्रे सुटतात. मालकांची मूळ तक्रार हीच होती. गॅसच्या बिलाचा विषय मी काढला. नवा मॉड्युलेटिंग (मागणीप्रमाणे आग हळूहळू कमी-जास्त करणारा) बर्नर ताशी 300 किलोपर्यंत खाली येतो, त्यामुळे दिवसभर विझतच नाही.

मोठाच मॉड्युलेटिंग का नाही, असं कुणी विचारेल. एकास चार टर्नडाउन धरला, म्हणजे आग पूर्ण क्षमतेच्या चौथाईपर्यंतच खाली येते असं धरलं, तर दोन टनाचा बर्नर 500 ला अडकतो, आणि दुपारचं लोड त्याच्याही खाली जातं.

कमी लोडवर बॉयलरच्या अंगातून जाणारी उष्णता टक्क्यांत मोठी दिसते, हे तुमचं बरोबर. पण अंग तेच, तापमान तेच. जुना बर्नर असतानाही ती तेवढीच जात होती. चिमणीचं म्हणाल, तर दहा किलो प्रेशरला आतलं पाणीच 183 अंशांच्या आसपास असतं. धूर ट्यूबांमधून त्याहून थंड होऊन निघणार कसा? इथे इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेवर फीड पाणी तापवणारं उपकरण) नाही. नैसर्गिक वायूच्या धुरातलं पाणी साधारण 55 अंशांना सुटतं. फर्नेस ऑइल असतं, तर गंधकामुळे मीही बिचकलो असतो; त्याचं आम्ल बऱ्याच जास्त तापमानालाच सुटतं.

ऑर्डर वाढली तर? बॉयलरला हात लावलेला नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह तोच आहे. बर्नर अडॅप्टर प्लेटवर बसवलाय. मोठा बसवायची वेळ आली तर प्लेट बदलायची.

एक उणीव मात्र तुमच्या नजरेतून सुटली आणि मीही लेखात लिहिली नव्हती. गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी थंड बॉयलर प्रेशरला आणायला पूर्वी पाऊण तास लागायचा, आता तासाच्या वर जातो. बॉयलर अटेंडंटला लवकर यावं लागतं आणि तो मला त्याबद्दल ऐकवतो, योग्यच ऐकवतो. शिवाय कमी आगीवर धुरातला ऑक्सिजन (जादा हवेची खूण; ती हवाही उष्णता नेते) 5 टक्क्यांच्या खाली आणता आलेला नाही; 3 हवा होता. या दोन्ही गोष्टी आज मूळ लेखात घातल्या आहेत. चिमणी पावसाळ्यानंतर उघडणार आहोत, तेव्हा फोटो टाकतो.